बदकांची पिल्ले आणि गाळलेले पाणी

भूम तालुक्यातील जैनांच्या दुकानांवर धान्याबरोबर कधीकधी जखमी जीवही येतात. कुंथलगिरी याच तालुक्यात आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये तेथे सल्लेखना घेतली. मोरपिसांच्या पिंछीने जागा झाडून मगच बसणारे मुनिराज येथील शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहेत. म्हणूनच असेल, गेल्या आषाढात हिशेबाला आलेल्या एका शेतकऱ्याने आमच्या आडतीवर टोपलीतून बदकाची पाच पिल्ले आणली. त्यांची आई कुत्र्यांनी मारली होती. “शेटजी, ही तुमच्याच घरी जगतील,” एवढेच बोलून तो गेला.

प्रथम पाहायचे ते हे, की पिल्ले रानातील आहेत की पाळीव. आपल्या तलावांवर हळदी-कुंकू बदक राहते. त्याच्या पिल्लांची पाठ गडद तपकिरी असते व डोळ्यावरून काळी रेघ जाते. तशी असती, तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे ती घरात ठेवता आली नसती. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे लागले असते. ही मात्र अंगभर पिवळी, पाळीव बदकांचीच होती.

पहिल्या आठवड्यात पिल्लांना 32 ते 35 अंशांची ऊब लागते. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करीत जायचे. पशुवैद्यांनी खोक्यावर दिवा टांगण्यास सांगितले. पण आषाढातील रात्री उघडा दिवा म्हणजे शेकडो कीटकांचा घात, हे आपल्या घरांत वेगळे सांगावे लागत नाही. सासूबाईंनी गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्यात ठेवल्या आणि दर दोन-तीन तासांनी उठून त्या बदलल्या. त्या वेळी त्यांचे वय 74 होते. तिसऱ्या रात्री एक पिल्लू गेले. त्यांनी त्याच्या कानाशी णमोकार मंत्र म्हटला आणि उरलेल्या चौघांसाठी पुन्हा पाणी तापत ठेवले.

खाद्याचा प्रश्न त्याहून बिकट निघाला. कोंबडीच्या पिल्लांचे तयार खाद्य बाजारात मिळते. पोत्यावरील अक्षरे वाचली, तर त्यात मासळीची भुकटी. ते पोते परत गेले. गव्हाचा व मुगाचा भरडा, सोयाबीनची पेंड, बारीक चिरलेला पाला असे घरीच जमवले. बदकांना बी-3 जीवनसत्त्व कोंबड्यांपेक्षा अधिक लागते. ते कमी पडले तर पाय वाकतात. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने भरड्यात यीस्टची पूड मिसळली. खाण्याजवळ पाणी हवेच, आणि तेही चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल एवढे. मात्र आईविना वाढणाऱ्या पिल्लांच्या अंगावर आईच्या पिसांचे तेल येत नाही, म्हणून त्यांना पाण्यात फार वेळ राहू देता येत नाही, भिजून गारठतात. पोहणे परातीत, चार मिनिटांचे, आणि लगेच पुसून कोरडे करायचे.

पाणी अर्थातच गाळलेले. सासूबाई पिल्लांचे पाणीही दुहेरी कापडातून गाळीत आणि जिवाणी विहिरीत सोडीत. अशा गाळलेल्या पाण्यावर वाढलेले एक पिल्लू महिनाभरात परसात उतरले आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याने गांडूळ गिळले.

त्या दिवशी घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. दिल्लीच्या लाल मंदिराजवळील जैन पक्षी रुग्णालयात शिकारी पक्ष्यांवर बाहेरच उपचार करून त्यांना परत पाठवण्याची पद्धत सांगतात; आत राहतात ते दाणे खाणारे. बदक दाणेही खाते आणि किडेही. त्याला पिंजऱ्यात ठेवून केवळ भरडा घालावा, तर अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत पहिलाच ‘बंध’ आहे आणि शेवटचा ‘अन्नपाननिरोध’. मोकळे सोडावे, तर गवतात काय घडणार हे आपण जाणतोच. सासूबाईंनी निर्णय दिला : “आपण शोधून चारायचे नाही, आणि त्याला अडवायचेही नाही.” व्यवहाराला हे पुरेसे आहे. कृत आणि कारित यांतून आम्ही सुटलो का, याविषयी माझी शंका मात्र फिटलेली नाही.

पर्युषणात पैसे देऊन पोपट सोडवणारी मंडळी मला माहीत आहेत. एक पोपट विकला गेला की दुसऱ्या दिवशी त्या जागी दुसरा बसतो. मागणीने पुरवठा वाढतो, हे व्यापाऱ्यास शिकवावे लागू नये. शिवाय सोडणे एका दिवसाचे काम आहे. पाळीव बदके तलावात सोडून यावीत, असे आम्हालाही अनेकांनी सुचवले. ज्याला उडून कुत्र्यापासून सुटता येत नाही, त्याला तेथे सोडणे म्हणजे टाकून देणेच.

बदके आता शेतावर आहेत. सिमेंटचा उथळ हौद आहे आणि रात्री कडी लागणारी शेड. चारांपैकी एक नर आहे. शेपटीवरील वळलेल्या पिसावरून आणि घोगऱ्या आवाजावरून तो ओळखू येतो. पौषात शेडमध्ये पहिले अंडे सापडले. वाटेकऱ्याने ते मागितले, तेव्हा सासूबाईंनी मान हलवून नकार दिला. त्यानंतर आणखी सहा झाली. नराला वेगळे ठेवावे, तर पुन्हा बंध. न ठेवावे, तर वर्षभरात किती तोंडे होतील याचा हिशेब यजमानांनी वहीच्या मागील पानावर मांडून ठेवला आहे. शेडची लांबी वाढवण्यासाठी गवंडी पुढच्या सोमवारी येणार आहे.