गुळवेलीची ओळख

तक्षशिलेत वैद्यक शिकणाऱ्या जीवकाला त्याच्या आचार्यांनी कुदळ घेऊन नगरीभोवती योजनभर फिरावयास आणि जी औषधी नाही अशी वनस्पती शोधून आणावयास सांगितले होते. जीवक रिकाम्या हाताने परतला. विनयपिटकातील ही कथा प्रत्येक वनस्पती औषधी असते हे सांगण्यासाठी वापरली जाते. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांला तीत दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. तसे म्हणण्यापूर्वी जीवकाला एकेका वनस्पतीपुढे थांबून तिची ओळख पटवावी लागली असणार.

करोनाच्या साथीनंतर वसतिगृह पुन्हा गजबजले, तेव्हा पालक मुलांच्या काढ्यासाठी गुळवेलीचे भारे आणू लागले. त्यामागील माया आम्ही जाणत होतो. मात्र एका पालकांनी आणलेल्या भाऱ्यात एकही पान नव्हते, नुसते कांडके. आम्ही तो परत केला. गृहस्थ दुखावले. "गुरुजी, आमच्या बापजाद्यांपासून आम्ही ही वेल ओळखतो," असे ते म्हणाले, आणि ते खरेही असावे. परंतु दीडशे लेकरांच्या पोटात जाणारी वस्तू केवळ नावावर स्वीकारणे आम्हांला मान्य नव्हते. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या नावावरून आणि आडनावावरून जोखले गेले, त्या समाजाच्या शाळेत तरी गुणलक्षणे पाहिल्यावाचून कोणाची, अगदी वेलीचीही, ओळख ठरवू नये.

पुढच्या रविवारी ते पानाफुलांसह वेल घेऊन आले आणि आम्ही मुलांना भोवती बसवून ती पाहिली. पान हृदयाकृती, पातळ, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत. शास्त्रीय नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थही हृदयाकृती पानाची असाच. देठ लांब, बुडाशी किंचित फुगीर आणि पिळलेला. पहाडवेलीचे पान दुरून असेच दिसते, परंतु तिचा देठ पानाच्या कडेला नव्हे, तर थोडा आत, पाठीवर जोडलेला असतो. जून खोडावर करडी, कागदासारखी सुटणारी साल. नखाने खरवडली की खाली हिरवा थर. सालीवर बारीक उंचवटे. खोड आडवे कापताच गाडीच्या चाकासारखे आरे दिसले, तेव्हा मागे बसलेली मुलेही पुढे सरकली. फांद्यांवरून सुतळीसारखी हवाई मुळे लोंबत होती. वेल जमिनीलगत तोडली तरी हीच मुळे खाली उतरून तिला जगवतात. चव कडू. नावात गूळ का आला, या मुलांच्या प्रश्नाला आम्ही संस्कृत 'गुडूची'कडे बोट दाखवले. गुळाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह टाळला.

टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची भावंडवेल. तिच्या खोडावर ठळक चामखिळीसारख्या गाठी असतात. तिसरी सिनेन्सिस, तिचे पान खालून लवदार असते. पाने नसलेल्या कांडक्यांवरून हा भेद करणे सामान्य माणसाला कठीण, म्हणूनच तो भारा परत गेला होता.

वेल अस्सल गुळवेलच ठरली. तरीही काढा झाला नाही. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर भावंडवेलीशी झालेल्या गोंधळाकडे लक्ष वेधले. पुढे झालेल्या अभ्यासांत मात्र अस्सल गुळवेल घेतलेल्यांतही अशी इजा आढळली. ओळख पटली म्हणजे निर्धोकपणा सिद्ध झाला असे नव्हे. वैद्यकीय सल्ल्यावाचून मुलांना काहीही द्यावयाचे नाही, असे आम्ही पालकसभेत सांगितले. त्या गृहस्थांनी सर्वांत आधी मान डोलावली आणि उरलेली कांडकी कडुलिंबाच्या बुंध्याशी रोवून दिली.

ती वेल आता शेंड्यापर्यंत पोहोचली आहे. गुळवेलीत नर आणि मादी वेल निराळे. आमच्या वेलीला उन्हाळ्यात, पाने झडल्यावर, फुले झुबक्यांनी येतात. लाल फळ मात्र आजवर एकही धरलेले नाही, म्हणजे तो नर असावा. ओढ्यापलीकडील एका वेलीला हिवाळ्यात मटारएवढी लाल फळे दिसल्याचे आठवीच्या मुली सांगतात. फळ फोडून आतील वाकडी, चंद्रकोरीसारखी बी पाहिल्याशिवाय आम्ही त्यांच्या वहीवर सही करणार नाही, हेही त्यांना ठाऊक आहे.