टेबलामागची मराठी

मराठी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पुढे काय?’ हा प्रश्न आपल्याकडे हमखास ऐकावा लागतो. शिरूर कासारसारख्या गावात त्या प्रश्नाला उसाच्या हंगामाची धार असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयत्यावर जातात आणि आजीजवळ राहून शिकलेल्या मुलाचे भविष्याचे चित्र बहुधा एका सरकारी टेबलापाशी येऊन थांबते. लिपिक-टंकलेखकाची परीक्षा, टंकलेखनाचा वेग मराठीत मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीत ४०. वर्गात काव्यशास्त्र चालू असताना मागच्या बाकावर स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडे असते. पुष्कळ प्राध्यापकांना ते खटकते. माझे मत थोडे निराळे आहे. त्या टेबलावर जी मराठी लिहिली जाते तिच्याइतका परिणाम करणारी मराठी तालुक्यात क्वचितच दुसरीकडे लिहिली जात असेल.

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ रोजी लागू झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीचा, २००२ मधला. दहा रुपयांचे शुल्क भरून कोणीही माहिती मागावी, कारण सांगण्याची गरज नाही, आणि तीस दिवसांत उत्तर मिळावे, ही त्याची साधी चौकट. कायद्याच्या भाषेत ही जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्याची. पण बारनिशीत अर्जाची नोंद घेणे, दप्तरातून कागद हुडकणे आणि उत्तराचा पहिला मसुदा लिहिणे हे सहसा लिपिकाचे काम. म्हणजे नागरिकाला मिळणाऱ्या उत्तराचा खरा लेखक तोच, जरी सही दुसऱ्याची असली तरी.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका टेबलावर आहे. कोणत्या कार्यालयात, ते येथे महत्त्वाचे नाही. सुट्टीला आला की तो कार्यालयातल्या मराठीविषयी बोलतो. एकदा त्याने मला नमुन्यादाखल दोन मसुदे लिहून दाखवले. पहिला नेहमीचा : उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदरची माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. दुसरा त्याने स्वतः घडवलेला : आपण मागितलेला फेरफार आम्ही अमुक ते अमुक या वर्षांच्या नोंदवह्यांत शोधला, तेथे तो नाही, तो मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षात असण्याचा संभव आहे. मग तो म्हणाला, “सर, पहिल्या वाक्यात कर्ताच नाही. शोधलं कोणी, कुठं, किती, काहीच कळत नाही.” प्रयोगविचार शिकवताना मी कर्तरी-कर्मणीची उदाहरणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलीच देत असे, आता हे दोन मसुदे फळ्यावर लिहितो. कर्ता वाक्यातून निघून गेला की जबाबदारीही त्याच्यामागून निघून जाते, हे मुलांना लगेच उमगते.

मूळ तालुक्याचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. तालुका म्हणून शिरूर कासार अलीकडचे, त्यामुळे जुने कागद शोधायचे तर दुसऱ्या गावच्या दप्तरात शिरावे लागते. त्यात नावाचा घोळ. एक शिरूर पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी, एक लातूर जिल्ह्यात अनंतपाळ हे उपपद लावून, आणि आमचे सिंदफणेकाठचे. अर्ज चुकीच्या कार्यालयात पोचला तर तो पाच दिवसांच्या आत योग्य ठिकाणी पाठवावा, असे कायदा सांगतो. ‘आमच्याशी संबंधित नाही’ एवढ्यावर त्याला परतवता येत नाही. पण योग्य ठिकाण कोणते, हे ठाऊक असायला भूगोल, इतिहास आणि दप्तराची रचना डोक्यात असावी लागते.

हे ज्ञान आपल्या परंपरेला परके नाही. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अक्षर एकसारखे ठेवण्याचा आग्रह समर्थांनी तेथे धरला. शिवकाळात रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश रचला. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय निघाले. मराठवाड्यात तर आणखी एक थर आहे. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, त्यामुळे जुने दप्तर उर्दूत आणि मोडीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांची किंमत एकाएकी साऱ्यांना कळली. मोडी शिकलेला मराठीचा पदवीधर अशा दप्तरात नुसता हरकाम्या राहत नाही. त्याच्यावाचून रुमाल सुटत नाही.

आता या साऱ्यात पणाला काय लागलेले असते ते पाहू. समजा, एखाद्या ऊसतोड बाईने हंगामाला निघण्यापूर्वी आपल्या नावे मंजूर झालेल्या घरकुलाची माहिती मागितली. उत्तर येते तेव्हा घराला कुलूप. ते उत्तर मोघम असेल, तर त्यावरचे पहिले अपील तीस दिवसांत करायचे असते आणि ते दिवस फडातच सरतात. सबळ कारण असल्यास उशिरा आलेले अपीलही दाखल करून घेता येते, पण हे तिला कोणी सांगायचे? उत्तर पहिल्याच पत्रात स्पष्ट असेल तर अपिलाची वेळच येत नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवण्याची अपेक्षा आहे. ज्यांची लेखणीशी ओळखच नाही त्यांना ते कसे जमावे? म्हणूनच कायद्याच्या सहाव्या कलमात एक सुंदर तरतूद आहे : ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचे तोंडी म्हणणे लेखी स्वरूपात आणण्यासाठी अधिकाऱ्याने सर्व वाजवी साहाय्य करावे. दुसऱ्याचे बोलणे त्याचा अर्थ न बिघडवता कागदावर उतरवणे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याइतके कोणाला जमावे?

या वाटेवर पदोन्नती सावकाश मिळते. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, जुन्या भाषेत अव्वल कारकून, आणि सेवेची ज्येष्ठता व खात्याच्या परीक्षा साधल्या तर नायब तहसीलदार. परंतु कारकीर्द केवळ पदांच्या पायऱ्यांनी मोजायची नसते. माझा विद्यार्थी म्हणतो, त्याच्या टेबलावरून गेलेल्या पत्राचा अर्थ विचारायला माणूस परत येत नाही, हीच त्याची खातरी.

आपल्या अभ्यासक्रमांत व्यावहारिक मराठीची पत्रिका असते आणि ती शेवटच्या महिन्यात उरकली जाते. अर्जाचे नमुने पाठ होतात, उत्तराचे नमुने कोणी तपासत नाही. ललित गद्याच्या परिच्छेदावर आपण तासभर बोलतो. तेवढाच वेळ एखाद्या शासकीय उत्तरावर द्यावा. यात कोण बोलतो आहे, कोणाशी, आणि ऐकणाऱ्याला पुढची वाट दिसते आहे का, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच. मागच्या बाकावरचे ते पुस्तक मिटवण्याची गरज मग उरणार नाही.