नाव विचारणारा चित्रकार

इतिहासाच्या पेपरात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर आम्ही एकच ओळ लिहितो : सुमारे ३० लाख बळी. महायुद्धाच्या त्या दिवसांत चित्तप्रसाद भट्टाचार्य कागद-शाई घेऊन मिदनापूर जिल्ह्यात हिंडले. मुंबईहून निघणाऱ्या ‘पीपल्स वॉर’ साप्ताहिकासाठी त्यांनी भुकेली माणसे रेखाटली आणि कित्येकांची नावेही चित्रांवर लिहून ठेवली. त्यांची ‘हंग्री बेंगॉल’ ही पुस्तिका इंग्रज सरकारने जप्त करून जाळली.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडीत होती. हजेरीपटावर तिचा अंगठा उठला. तिचे चित्र कोणी काढले नाही. म्हणून चित्तप्रसादांच्या रेषेइतकीच मला ती नावे मोलाची वाटतात. माणसे दुरूनही मोजता येतात. नाव विचारायला मात्र जवळ बसावे लागते.