ही शाबासकी माझी नाही

जाड माणसाचा तोंडावर ताबा नसतो, असं मी वयाच्या चाळिशीपर्यंत मानत आले. लोक म्हणायचे म्हणून नव्हे, मला स्वतःलाच ते पटलेलं होतं. मी जाड होते आणि तो दोष माझा होता, विषय संपला. वजनासाठी ऑपरेशन करून घेणाऱ्यांविषयीचं माझं मतही त्याच माळेतलं. २०११ साली नितीन गडकरींनी असं ऑपरेशन करून घेतल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या घरात बरीच चर्चा झाली होती. ज्याला पथ्य आणि व्यायाम झेपत नाही तो पोटाला कात्री लावून घेतो, असं मी तेव्हा ठासून सांगितलं होतं. आज माझंही तेच ऑपरेशन झालेलं आहे आणि ते मत माझं राहिलेलं नाही. पण मत बदललं ते वजनकाट्यावरचा आकडा खाली आला म्हणून नाही. ते कशामुळे बदललं, हे सांगायला बसले आहे.

मी चाकण एमआयडीसीत, महाळुंगेच्या बाजूला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. ग्राहकाकडून तक्रार आली की आम्ही व्हाय-व्हाय करायला बसतो. पार्टला भोक चुकीच्या जागी का पडलं? पार्ट उलटा बसला म्हणून. उलटा का बसला? पार्ट धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरमध्ये तो दोन्ही बाजूंनी बसतो म्हणून. असं विचारत विचारत मुळाशी जायचं. या कामाचा पहिला नियम असा, की मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचा निष्काळजीपणा’ असं लिहायचं नाही. लिहिलं तर कागद परत येतो. माणूस चुकणारच हे धरून चालायचं आणि फिक्श्चरच असं करायचं की पार्ट उलटा बसूच शकणार नाही. नवीन ट्रेनी मुलामुलींना हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. स्वतःच्या शरीराच्या कागदावर मात्र दर वेळी एकच कारण लिहीत गेले: ऑपरेटरचा निष्काळजीपणा.

आणि मी प्रयत्न कमी केले नव्हते. दुर्गा टेकडीवर पहाटेचं चालणं केलं, रात्रीचं जेवण सोडलं, डॉ. दीक्षितांचं दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत जेवण संपवायचं पथ्य केलं. त्याचा उपयोगही झाला, पण फर्स्ट शिफ्टची सेकंड झाली, सेकंडची नाइट झाली की जेवणाच्या वेळा पार विस्कटायच्या. उतरलेलं वजन व्याजासकट परत यायचं. दर वेळी मी स्वतःवर थोडी जास्त चिडायचे.

पुढे साखर गोळ्यांना दाद देईना. रात्री झोपेत श्वास अडकायचा, सकाळी डोकं जड. डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, चाळिशीच्या वर होता. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये घातलेल्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा जास्त असेल, किंवा ३५ किंवा जास्त असून गंभीर आजार जोडीला असतील, तर असं ऑपरेशन विम्यात बसू शकतं. कंपनीच्या मेडिक्लेममुळे खर्चाचा मोठा भाग सुटला. मी होकार दिला तो हरल्याच्या भावनेने. स्लीव्ह झाली. म्हणजे जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि मागे एक अरुंद नळी ठेवतात.

आधी पातळ, मग गाळलेलं, मग मऊ, असे आठवडे गेले. नंतर एका रविवारी आईने थालीपीठ लावलं. वर लोण्याचा गोळा. मी तुकडा तोडला, सावकाश चावला, दुसरा घेतला. चतकोर झाल्यावर थांबले. ताटात तीन चतकोर होते, लोणी वितळून कडेला जात होतं आणि मी त्याकडे नुसती बघत होते. मनात काहीच ओढत नव्हतं. माझ्या आयुष्यात असं कधी झालंच नव्हतं. जेवतानासुद्धा पुढच्या खाण्याचा विचार चालू असायचा, बसमध्ये, मीटिंगमध्ये, झोपताना. तो आवाज सगळ्यांच्याच डोक्यात असतो आणि बाकीचे लोक तो नेटाने दाबतात, असं मी समजत होते. त्या रविवारी मला कळलं, की पुष्कळांच्या डोक्यात तो इतका मोठ्याने नसतोच.

कामावर रुजू झाल्यावर कॅन्टीनमध्ये अर्धी पोळी आणि वाटीभर उसळ खाऊन मी ताट सरकवलं, तशी शेजारची मैत्रीण म्हणाली, “काय कंट्रोल आहे गं तुझा!” सगळ्या टेबलाने मान डोलावली. आणि मला त्या शाबासकीने बरं वाटेना. कारण मी काहीच केलं नव्हतं. कंट्रोल ज्याला म्हणतात तो मी आधीच्या वीस वर्षांत केला होता. उपाशीपोटी नाइट काढली होती, वाढदिवसाच्या केकपुढून उठून गेले होते. तेव्हा कोणी शाबास म्हटलं नव्हतं. आत्ता तर मला भूक नव्हती, म्हणून मी थांबले. पोळी टाकण्यात आज माझं कर्तृत्व नसेल, तर ती खाण्यात काल माझा गुन्हा कुठे होता?

हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मिळेल ते वाचत गेले. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांनी घ्रेलिन नावाचं संप्रेरक शोधलं. ते मुख्यतः जठरात तयार होतं आणि मेंदूला भूक कळवतं. २००२ साली अमेरिकेतल्या डेव्हिड कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आहार कमी करून वजन उतरवलेल्या माणसांच्या रक्तात हे घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलं होतं. म्हणजे मी जितकी उतरत होते, तितकं माझं शरीर जास्त जोराने खायला मागत होतं. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात, त्याच भागात घ्रेलिन सर्वांत जास्त बनतं. एवढ्यावरच सगळं ठरत नाही, आतड्यातली इतर संप्रेरकंही बदलतात. पण माझ्या रविवारच्या थालीपिठाचं उत्तर मला मिळालं.

दुसरं उत्तर पुण्यातच होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, दोघेही दिसायला सडपातळ. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. याज्ञिकांनी पुण्याच्या आसपासच्या गावांमध्ये वर्षानुवर्षं केलेल्या कामातून हेही पुढे आलं, की आपली बाळं वजनाने कमी असूनही चरबी राखून जन्माला येतात. माझा जन्म खेड तालुक्यातला, एका दुष्काळी सालानंतरचा. आईच्या पोटात काय ठरलं होतं, ते मला सांगता येणार नाही. पण शरीराचा हिशेब माझ्या पहिल्या घासाच्या आधीपासून सुरू झालेला असू शकतो, एवढं समजल्यावर माझा स्वतःवरचा राग ओसरला.

राग गेल्यावर आनंद दिसायला लागले, आणि ते अगदी साधे आहेत. आमची कंपनीची बस निगडीहून स्पाइन रोडने मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकणला जाते. दोघांच्या सीटवर मी बसले की शेजारची जागा सर्वांत शेवटी भरायची. लोक आधी मागे जाऊन बघत, मग परत येत, मग अर्धे बाहेर टेकत. कोणी वाईट बोलत नसे. मी खिडकीला चिकटून, खांदा आत ओढून बसायचे, आणि चाकणच्या तळेगाव चौकात ट्रॅफिक तुंबला की तासभर तशीच. यंदा पावसाळ्यात एक नवी ट्रेनी मुलगी बसमध्ये चढली, पहिली रिकामी जागा माझ्या शेजारी दिसली, ती बसली आणि मोशी यायच्या आत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिने काही विचारलं नाही, काही पाहिलं नाही. मी चाकणपर्यंत हात हलवला नाही.

पिंपरी कॅम्पात श्रावणात बांगड्या भरायला गेले. कासारीण ओळखीची. माझा हात हातात घेऊन तिने सवयीने दोन-दहाचा डबा ओढला, बोटांची हाडं दाबून बघितली आणि डबा परत सरकवला. दोन-आठच्या सैल झाल्या. दोन-सहाच्या तिने एकेक करून चढवल्या, अंगठ्याच्या मुळाशी थोडं दुखलं, आणि एकही फुटली नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या हाताला साबण लावावा लागला नाही. ती म्हणाली, “ताई, आता रंग निवडा.” दोन-दहामध्ये रंग निवडायला फारसे नसतातच, जे असतील ते घ्यायचे. मी अर्धा तास रंगच बघत बसले.

बाकीचं थोडक्यात सांगते. पंगतीत मांडी घालून बसता येतं आणि हात न टेकता उठता येतं. सेफ्टी शूजची नाडी श्वास न रोखता बांधता येते. झोपेत श्वास अडकू नये म्हणून लावावं लागणारं मशीन डॉक्टरांनी बंद केलं. तुकोबांची पालखी देहूहून आकुर्डीला मुक्कामी येते, त्या दिवशी निगडीत चहा-बिस्किटं वाटायला मी उभी असायचे. यंदा देहूपासून चालत आले. अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी पहिली आरती झाली तेव्हा गर्दीत उभी होते आणि पाय दुखत नव्हते.

हे सगळं फुकट मिळालेलं नाही. चौथ्या महिन्यात केस हाताला मूठभर येत होते. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व हे आता जन्माचं. जेवताना पाणी प्यायचं नाही. होळीला घाईने पुरणपोळी खाल्ली, घाम फुटला, छाती धडधडली, तासभर आडवी पडले. भूक थोडी परतही आली आहे आणि वजन पुन्हा वाढू शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. ते वाढलं तर मी पुन्हा तपासायला जाईन, तोंड लपवून बसणार नाही. हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो.

आणि एक गोष्ट छळते. आमच्या लाइनवर निम्म्याहून जास्त मुली कंत्राटी आहेत. त्यांना माझ्यासारखा मेडिक्लेम नाही. त्यातली एक अंगाने माझ्यासारखीच आहे, साखर वाढलेली आहे, आणि ती डबा सगळ्यांच्या नंतर, उभ्याने खाते. का, ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या कॅन्टीनमध्ये स्टुलं टेबलाला वेल्डिंग केलेली आहेत. मीसुद्धा वर्षानुवर्षं कडेच्या स्टुलावर तिरकी बसून जेवत होते. बायकांच्या युनिफॉर्मचं सर्वांत मोठं माप आम्हाला पुरत नाही, म्हणून पुरुषांचा शर्ट मिळतो, उलट्या बाजूच्या बटणांचा. मी बारीक झाल्यावर माझ्यापुरते हे दोन्ही प्रश्न सुटले आणि मी ते विसरूनही गेले असते.

गेल्या महिन्यात मी दोन कायझेन, म्हणजे सुधारणेच्या सूचनांचे कागद, भरले. पहिल्यात समस्या: काही कामगार कॅन्टीनमध्ये बसून जेवू शकत नाहीत. मूळ कारण: स्टूल आणि टेबल यांतलं अंतर बदलता येत नाही. उपाय: एक रांग सुट्या, बिनहाताच्या खुर्च्यांची. दुसरा बायकांच्या युनिफॉर्मच्या मापांचा. खुर्च्यांना मंजुरी मिळाली आहे. युनिफॉर्मचा कागद परचेसमध्ये अडकला आहे, सोमवारी पुन्हा विचारायला जाणार आहे.