साखरेचा हिशेब

मराठी घरात साखरेची पहिली ओळख अन्नापेक्षा शुभचिन्ह म्हणून होते. बोरन्हाणात डोक्यावरून ओतला जाणारा हलवा, गुढीला बांधलेली गाठी, निकालाचे पेढे आणि साखरपुडा अशा टप्प्यांनी माणसाच्या आयुष्यातील तिचा मार्ग आखलेला असतो, आणि दुसऱ्याच्या घरी तोंड गोड करण्यास नकार देणे हा यजमानाच्या आनंदाचाच अव्हेर समजला जातो. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यानंतर तर ऊसपट्ट्यातील तालुक्यांत शाळा, रस्ते आणि निवडणुका यांचेही गणित साखरेशी बांधले गेले.

अशा समाजात चाळिशी-पन्नाशीत टाइप २ मधुमेहाचे निदान झाले की हे नाते एका दिवसात उलटते. या विकारात शरीरातील पेशी इन्सुलिन या संप्रेरकाला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत, पुढे स्वादुपिंडाकडून होणारा त्याचा पुरवठाही अपुरा पडू लागतो, आणि पेशींत शिरावयाचे ग्लुकोज रक्तातच साचून राहते. मग चहा बिनसाखरेचा होतो, प्रसाद कणभर घेतला जातो आणि पंगतीत घरच्यांचे लक्ष ताटावर राहू लागते. पथ्याला हळूहळू नीतीचा रंग चढतो. गोड टाळणारा तो शहाणा आणि खाणारा तो बेशिस्त, हा समज वर्षानुवर्षे मुरत जाऊन अन्न, औषध, श्रम आणि वेळ यांचा मेळ सतत जुळवावा लागणे हे आजाराचे खरे स्वरूप त्याच्याआड झाकले जाते.

हा समज जेथे टिकत नाही असा एक प्रसंग म्हणजे कोलोनोस्कोपीची पूर्वतयारी. गुदद्वारातून कॅमेरा बसवलेली लवचीक नळी सरकवून सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे आतून पाहण्याची ही तपासणी असून, आतड्याच्या अस्तरावरील पॉलिप, म्हणजे पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकणारी लहान वाढ, तीत त्याच वेळी काढून टाकता येते. टाइप २ मधुमेहींत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळत असल्याने त्यांच्या दृष्टीने तिचे महत्त्व वाढते. अस्तर स्पष्ट दिसावे म्हणून आतडे पूर्ण रिकामे करावे लागते आणि त्यासाठी पॉलिएथिलीन ग्लायकोल व क्षार यांचे द्रावण पाजले जाते. ते आतड्यात शोषले जात नसल्याने पाणी आतच राहते आणि सर्व मळ वाहून नेते. पूर्वी याच कामासाठी मॅनिटॉल हा साखरेच्या कुळातील गोड पदार्थ वापरला जात असे, परंतु आतड्यातील जिवाणू त्यापासून हायड्रोजनसारखे ज्वालाग्राही वायू तयार करतात आणि विजेच्या तारेने पॉलिप कापताना स्फोटाचा धोका उद्भवतो, हे ध्यानात आल्यावर तो मागे पडला.

तयारीच्या सूचनापत्रकात आधीचे दोन-तीन दिवस कोंडा, बिया आणि पालेभाज्या वर्ज्य करून मऊ भातासारखा कमी चोथ्याचा आहार आणि आदल्या दिवशी केवळ निवळ द्रव पदार्थ सांगितलेले असतात. मधुमेहीची खरी अडचण येथे सुरू होते, कारण त्याची औषधे रोजच्या जेवणाशी बांधलेली असतात आणि जेवण काढून घेतले तरी औषधांचे काम थांबत नाही. ग्लिमेपिराइडसारखी गोळी उपाशीपोटीही स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवण्यास भाग पाडते, त्यामुळे रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या वर्गातील गोळ्या उपासात रक्तातील आम्लता वाढवू शकतात, तीही ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसताना, म्हणून त्या सामान्यतः तीन दिवस आधीपासून बंद ठेवण्यास सांगतात. इन्सुलिन घेणाऱ्याचे डोस डॉक्टरांकडून कमी करून घ्यावे लागतात, मात्र टाइप १ च्या रुग्णाने दीर्घकाळ टिकणारे मूळ इन्सुलिन पूर्णपणे थांबवणे घातक ठरते. शिवाय जुन्या मधुमेहात आतड्याच्या हालचाली नियंत्रित करणाऱ्या नसा मंदावलेल्या असल्यास नेहमीच्या तयारीने आतडे पुरते स्वच्छ होत नाही, आणि उपास लांबू नये म्हणून सकाळची पहिली वेळ मागून घेणे हिताचे ठरते.

तपासणीच्या आदल्या रात्री साखर पुन्हा घरात सन्मानाने परतते. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली, हात थरथरू लागले, दरदरून घाम फुटला, तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, असा नियम आहे. त्यामुळे एरवी फळीवर मागे ढकललेला डबा उशाशी येतो. व्होग्लिबोजसारखी गोळी घेणाऱ्याला मात्र साखरही लवकर उपयोगी पडत नाही, कारण साखरेचे ग्लुकोजमध्ये विघटन करणारी विकरेच ती गोळी रोखून धरते, आणि अशा माणसाजवळ थेट ग्लुकोजची पूड असावी लागते. जी वस्तू अनेक वर्षे मोहाचे नाव म्हणून वावरली, तिची मात्रा, वेळ आणि रासायनिक रूप यांचा असा बारकाईने विचार त्या घरात बहुधा प्रथमच होतो.

तपासणी आटोपून अन्न सुरू झाले की औषधे ठरल्याप्रमाणे परत सुरू होतात आणि पथ्यही. ते व्हायलाच हवे. परंतु चमचाभर साखर केव्हा अपाय करते आणि केव्हा शुद्ध टिकवून धरते हे ज्याने बोटाला सुई टोचून स्वतः मोजले, त्याला पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न अधिक नेमके सुचतात, आणि ‘एवढ्याने काय होते’ व ‘एवढेही नको’ या पंगतीतील दोन्ही आग्रहांना आकड्यानिशी उत्तर देता येते.