रुळांखालची खडी

घाटकोपरच्या एका चाळीतील मुलगा फळीवर चिमुकली आगगाडी मांडीत होता. रुळांमध्ये त्याने जाड वाळूची खडी पसरली. पण एक कण रुळावर आला आणि गाडी घसरली. मग कुंचल्याने खडी सारखी करून त्याने ती साबणाच्या पाण्याने भिजविली व पातळ डिंक थेंबाथेंबाने सोडला. सकाळी ती घट्ट बसली होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी गेली, ती घाटकोपरवरूनच. त्या मार्गावरील खडी मात्र कोणी डिंकाने चिकटवीत नाही. तिचे धारदार दगड एकमेकांत अडकून स्लीपरांना जागच्या जागी धरतात, गाडीचा भार जमिनीवर पसरवितात आणि पावसाचे पाणी निथळू देतात. चिमुकल्या खडीस डिंक हवा. मोठ्या खडीस परस्परांचा आधार पुरतो. हजारो प्रवासी त्याच आधारावर रोज सुखरूप घरी पोचतात!