समुद्रापासून पाचशे किलोमीटर

लातूरला गोडं पाणी रेल्वेनं आलं होतं. समुद्र मात्र ट्रॅव्हल्सच्या डिकीतून येतो. मुंबई-पुण्याहून रात्री सुटलेल्या गाडीत कधीमधी थर्माकोलचा एक खोका असतो. आत ऑक्सिजन भरून रबरबँडनं आवळलेल्या पिशव्या. एकीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनफिशची जोडी. दुकानदार तिला ‘निमो’ म्हणतो. २००३च्या चित्रपटानं दिलेलं हे नाव लातूर-नांदेडच्या पोरांनाही पाठ आहे. दुसऱ्या पिशवीच्या तळाशी एक मलूल गोळा पडलेला असतो. ते समुद्रफूल, सी ॲनिमोन. दिसायला फूल, पण आहे प्राणी. डंख मारून भक्ष्य गिळणारा.

घरात हवी असते ती या दोघांची मैत्री. फुलाच्या ज्या शुंडकांचा स्पर्श इतर लहान माशांना घातक ठरतो, त्यांत क्लाउनफिश निवांत लोळतो. त्याच्या अंगावरचा चिकट स्राव त्याला डंखापासून वाचवतो. तो फुलाला आगंतुकांपासून राखतो, फूल त्याला शत्रूंपासून. माशाची गृहव्यवस्थाही नवलाची. सगळे जन्मतात नर. घरातला सर्वांत मोठा मासा मादी होतो, आणि ती गेली तर तिचा नर पुढे मादी बनतो. असा संसार दिवाणखान्यात नांदावा, असं कुणालाही वाटेल.

पण मराठवाड्यात समुद्र आणून भागत नाही, तो घरी करावा लागतो. बोअरचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. तरी ते समुद्राच्या जवळपासही जात नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि ते ठरलेल्या प्रमाणात. म्हणून आधी आरओ लावून बोअरचे क्षार काढायचे, मग विकतचं समुद्री मीठ मोजून घालायचं. घरचा आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना त्याहून जास्त पाणी बाहेर टाकतो. हे बाहेर टाकलेलं पाणी लातुरात कुणी मुकाट्यानं मोरीत जाऊ देत नाही. मांजरा धरण कोरडं पडलं तेव्हा, मार्च २०१६मध्ये, पाणी भरण्याच्या जागांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. ज्या गावानं त्या गाडीची वाट पाहिली, तिथं काचेतल्या फुलासाठी पाणी गाळताना नळाकडे बघायचं धाडस लागतं. म्हणून ते बाहेर पडलेलं पाणी बादलीत धरायचं आणि फरशीला, संडासाला वापरायचं; ही शिस्त शौकाच्या आधी यावी.

नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचा जलाशय आहे, त्यामुळे पाण्याची चिंता थोडी सैल. उन्हाळा मात्र तसाच. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश, आणि टाकीला हवे २५ ते २७. चिलर महाग, विजेचं बिल त्याहून. मग लोक टाकीवर छोटा पंखा लावतात. आपल्याकडची कोरडी हवा इथं कामी येते, बाष्पीभवनानं पाणी दोन-तीन अंशांनी निवतं. पण वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी. मीठ मागेच राहतं. एक दिवस दुर्लक्ष झालं की खारटपणा चढतो. म्हणून रोज गोडं पाणी, तेही आरओचंच, भरत राहायचं. गारव्याची किंमत पाण्यात चुकवायची, हा हिशेब मराठवाड्याला नवा नाही.

त्यानंतर वाट पाहणं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू टाकीत रुजायला काही आठवडे लागतात. दुसऱ्याच्या जुन्या टाकीतला दगड आणून ठेवला, तर विरजण लावल्यासारखं काम लवकर होतं. मासा अशा टाकीत रमतो. फुलाला तेवढंही पुरत नाही. त्याला कित्येक महिने मुरलेलं, रोज सारखं राहणारं पाणी लागतं. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याला बरंचसं अन्न पुरवतं. त्यासाठी प्रखर दिवा हवा. शेवाळ गेलं की फूल पांढरं पडतं, आणि बाजारात नेमकं तेच देखणं म्हणून विकलं जातं, कधी रंगवूनसुद्धा.

शिवाय ते स्वतःच्या मर्जीनं फिरतं. जागा पसंत नसेल तर रात्रीतून सरकत जातं, लाटा करणाऱ्या पंख्यात अडकून फाटतं. मेलेलं फूल वेळीच काढलं नाही तर सडून सगळी टाकी नासवतं. त्यात लाईट गेली आणि इन्व्हर्टरही बसला, की पाण्यातला प्राणवायू उतरू लागतो.

इतकं करून ते जगलंच, तर किती जगावं? सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून आणलेलं एक समुद्रफूल एडिनबरोत बरणीत राहिलं आणि १८८७मध्ये मेलं. डॅलिएल त्याआधी कितीतरी वर्षं, १८५१मध्येच, गेले होते. फूल पुढच्या सांभाळणाऱ्यांकडे जात राहिलं. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणत. ती जात खडकांवरच्या डबक्यांत तगणारी, काटक. क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या जाती त्याहून हळव्या. तरी आयुष्याचा अंदाज येतो. हा जीव आपल्या बदलीला, घरभाड्याला, मुलांच्या परीक्षांना पुरून उरू शकतो.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. क्लाउनफिश फुलाशिवाय सुखानं जगतो. तमिळनाडूतल्या मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याची पैदास करून दाखवली आहे. पैदाशीचाच मासा मागावा, समुद्रातून उपसलेला नको. फूल मात्र समुद्रातच असू द्यावं. मुंबईला काम निघालं की ओहोटीची वेळ बघून हाजीअलीच्या खडकांवर जावं. तिथं समुद्रफुलं आणि त्यांचे भाऊबंद दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ ही मंडळी २०१७पासून लोकांना अशा किनाऱ्यांवर हिंडवतात, जीव ओळखायला शिकवतात. हात न लावता बघावं आणि निघावं. ज्या फुलाला रोज सारखं पाणी हवं, त्याला उद्याच्या पाण्याची खात्री नसलेल्या गावी बोलावणं हा पाहुणचार नव्हे.